ऐकणाऱ्यांची कोजागिरी

घटस्थापनेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच्या दीड महिन्यात महाराष्ट्रात जेवढी कविता चारचौघांत म्हटली जाते, तेवढी उरलेल्या साडेदहा महिन्यांत म्हटली जात नसावी. पाऊस ओसरलेला असतो, मूग-उडीद घरात आलेले असतात, वाटांवरचा चिखल वाळलेला असतो आणि रात्री अंगणात बसवेल इतपतच गारवा असतो. हस्त नक्षत्र लागलं की हादग्याचे फेर सुरू होतात. खानदेशात आणि विदर्भात भुलाबाई घरोघर मांडलेली असते. कोजागिरीला गावोगावची काव्यमंडळं दुधाचं पातेलं चुलीवर चढवतात आणि सतरंज्या अंथरतात. देवळांतून पहाटेचा काकडा सुरू होतो आणि शाळेची पायरी न चढलेली माणसं नामदेवाचे, तुकारामाचे अभंग तोंडपाठ म्हणतात. मग दिवाळी अंक येतात. भाऊबीज झाली की पूर्व विदर्भात मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं रंगतात. वाङ्मयाच्या इतिहासात यातलं फारसं काही सापडत नाही. तिथे कवी येतात, संग्रह येतात, प्रवाह येतात. कविता जिथे कोणीतरी बसून ऐकली, ती जागा येत नाही.

तालुक्याच्या गावात चालणाऱ्या काव्यमंडळाकडे आपण सहसा कवींची पहिली पायरी म्हणून बघतो. इथे चार कविता वाचायच्या, हात बसला की जिल्ह्याला जायचं, तिथून जमलं तर साहित्य संमेलनाच्या निमंत्रितांत. ही समजूत मला चुकीची वाटते, आणि तिने या मंडळांचं फार नुकसान केलं आहे. कवी आपापल्या एकांतात, आपापल्या वाचनातून तयार होतो. गावाला एकत्र बसून तयार करता येतो तो ऐकणारा. काव्यमंडळाचं खरं काम तेच आहे, आणि शरदातल्या आपल्या जुन्या रीती ते काम आपल्यापेक्षा चांगलं करत आल्या आहेत.

१९०७ साली जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवर बी. डी. बसूंच्या जोडीने त्यांनी केलेला मोठा ग्रंथ आजही त्या विषयातले लोक उघडतात. त्या संमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या मुलाने कविता म्हटली, आणि कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. ते नाव त्याच्या मूळ नावाच्या पुढे निघून गेलं. ही हकिगत शाळेपासून आपल्या कानावर आहे, पण ती नेहमी त्या मुलाच्या प्रतिभेची म्हणून सांगितली जाते. मला ती कीर्तिकरांच्या कानाची वाटते. धरणगावात जन्मलेला, नावावर एकही पुस्तक नसलेला मुलगा समोर उभा आहे, मंडपात वयाने आणि मानाने मोठी माणसं बसली आहेत. अशा वेळी पाठीवर हात ठेवून, दोन गोड शब्द बोलून पुढच्याला बोलावणं हाच सभेचा रिवाज असतो. कीर्तिकर त्या मुलापाशी थांबले. ज्याचं आयुष्य पानाफुलांमधले बारीक फरक ओळखण्यात गेलं, त्या माणसाला या मुलाच्या शब्दांतलं काहीतरी वेगळं आहे हे कळलं, आणि ते त्याने भर सभेत सांगितलं. पुढे रेव्हरंड टिळकांनी त्या मुलाला आपल्या घरी नगरला ठेवून घेतलं; टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त तो आपल्याला भेटतो. १९१८ साली भादलीजवळ रेल्वे अपघातात तो गेला. जळगावच्या त्या दिवसापासून मृत्यूपर्यंत त्याला जेमतेम अकरा वर्षं मिळाली. त्या अकरा वर्षांत त्याने जे लिहिलं, त्यामागे वेळेवर आणि नीट ऐकलं गेल्याचा वाटा किती मोठा असेल!

त्याच सालच्या त्याच जळगावात आणखी एक बाई राहत होती. असोद्याहून लग्न होऊन चौधरींच्या घरात आलेली, १८८० सालचा जन्म, म्हणजे तेव्हा सत्ताविशीच्या आसपासची. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावरच्या ओवीची घडण अंगात मुरलेली. बहिणाबाई चौधरींना त्या मंडपात कोणी बोलावलं नाही. तसं बोलावणं कोणाच्या मनात येण्याचीही त्या काळी सोय नव्हती. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकाने वेळोवेळी कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. मंडपात एक कवी ओळखला गेला त्या दिवसापासून मोजलं, तर गावातल्या दुसऱ्या कवीपर्यंत पोचायला मराठी वाचकाला पंचेचाळीस वर्षं लागली.

गावात कवितेच्या दोन जागा होत्या, मंडप आणि जातं, आणि त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती. आज जाती राहिली नाहीत, पण ही फारकत गेलेली नाही. कोजागिरीच्या कविसंमेलनाची पत्रिका निघते तेव्हा त्याच आळीत भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुली आणि त्यांना ती शिकवणाऱ्या आज्या असतात. कोजागिरी ही त्यांच्याही उत्सवाची शेवटची रात्र असते. तरी त्या पत्रिकेत नसतात, कारण त्या ‘कवयित्री’ नाहीत.

त्यांची रीत काय असते ते नीट बघण्यासारखं आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली संध्याकाळी एका घरून दुसऱ्या घरी जातात, मातीच्या भुलाबाईपुढे बसून गाणी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात. गाण्यांत सासर असतं, माहेर असतं, सासू, नणंद, माहेरी जाण्याची परवानगी, रुसवे, दागिने, आणि मधूनच केवळ गंमत म्हणून जोडलेले शब्द. कोणाचंही नाव या गाण्यांवर नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण फेरातली प्रत्येक मुलगी तोंड उघडते. एकीला ओळ आठवली नाही तर शेजारची उचलते, आणि पुढच्या वर्षी ती पहिलीच्याही डोक्यात पक्की बसते. शेवटी खिरापत ओळखायची असते. डबा झाकलेला असतो, वाजवून दाखवला जातो, नावं घेतली जातात, आणि सगळी गाणी संपल्याखेरीज तो उघडत नाही. त्यामुळे गाणी अर्ध्यात टाकून कोणी जात नाही. आमच्या कविसंमेलनांमध्ये मला सगळ्यात जास्त उणीव जाणवते ती नेमकी याची.

आमच्याकडे काय होतं ते सांगतो. पत्रिकेवर तीस-चाळीस नावं असतात. सातची वेळ दिलेली असते. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, देणगीदारांचा सत्कार. पहिली कविता ऐकू येते तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. प्रत्येकाला तीन मिनिटं. कवी येतो, वाचतो, प्रमाणपत्र घेतो, आणि थोड्या वेळाने चपला शोधायला लागतो. कुणाला शेवटची एसटी गाठायची असते, कुणाला सकाळी शाळेवर हजर व्हायचं असतं. अध्यक्षांची पाळी येईपर्यंत समोर कार्यकर्ते आणि दूध वाटणारी मंडळी उरलेली असतात. यात कोणी वाईट नाही. आयोजकाने चाळीस नावं घेतली, कारण चाळीस जणांना नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. कवी लवकर गेला, कारण त्याचीही कविता कोणी ऐकत नव्हतं हे त्याला व्यासपीठावरून दिसलं होतं. वर्षभर ज्याला घरी, कामावर, शेतावर कोणी विचारत नाही असा माणूस तीन मिनिटांसाठी तीस किलोमीटर येतो, ही त्याची भूक खरी आहे. पण चाळीस भुकेले एका ठिकाणी जमले आणि वाढणारा कोणीच नाही, अशी त्या रात्रीची स्थिती होते.

उपाय अवघड नाही, फक्त धीर हवा. आठ कवी बोलवावेत. प्रत्येकाने एकच कविता दोनदा म्हणावी, मध्ये थोडी शांतता ठेवून. पहिल्या वेळी कान शब्दांच्या मागे धावत असतो, दुसऱ्या वेळी कविता ऐकू येते. बाकीचे बत्तीस जण त्या रात्री श्रोते असतील, आणि पुढच्या महिन्यांत त्यांची पाळी येईल. वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर गावोगाव फिरून कविता वाचत होते तेव्हा तीन कवी आणि अख्खी संध्याकाळ असा बेत असायचा. तिघांच्या कवितेची जात एकमेकांपासून इतकी निराळी होती की ऐकणाऱ्याला तुलना करत, निवड करत बसावं लागे. त्या संध्याकाळींनी महाराष्ट्रात कवितेला वाचक मिळवून दिले ते भरपूर वेळ दिल्यामुळे.

कविता मोठ्याने म्हटली की बिघडते, असा एक जुना आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आणि इतर काही मंडळी रविवारी चहाला जमत, एकमेकांच्या कविता ऐकत, आणि पुढे त्यांनी कविता गाऊन सभांमधून म्हणण्याची लाटच आणली. दोन वर्षांत अत्र्यांचं ‘झेंडूची फुले’ निघालं आणि त्या साऱ्या थाटाची विडंबनं घरोघर पोचली. आवाज गोड लागला की शब्द पोकळ असले तरी खपून जातात, टाळीची जागा ठाऊक झाली की कवी त्या जागेसाठीच लिहू लागतो, हे खरंच घडतं. आजच्या मंचावर विनोदी कवितेची जी चलती आहे, तिच्यातही हा धोका दिसतो. शिवाय काही कविता कागदावरच्या एकांतासाठीच असतात. त्या माइकवरून म्हटल्या तर मरतात. त्यांच्या प्रती काढून सतरंजीवर वाटाव्यात आणि पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून वाचाव्यात, अशी सूचना मी आमच्या मंडळात अनेकदा करत आलो आहे.

तरी हा आक्षेप मला पुरता पटत नाही, कारण तो गर्दीला मुळातच अडाणी धरतो. कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला जो बसला आहे, त्याला हे सांगून पटणार नाही. दोन पक्ष समोरासमोर असतात. एक शक्तीला थोर मानणारा, दुसरा शिवाला. एका शाहिराने पुराणातला पेच पद्यातून टाकला की दुसऱ्याने पद्यातूनच सोडवायचा असतो. गण कधी, गवळण कधी, सवाल कुठे सुरू झाला आणि उत्तर देणाऱ्याने तो कुठे चुकवला, हे समोर बसलेल्या शेतकऱ्याला, मुंबईहून सुटी घेऊन आलेल्या चाकरमान्याला नेमकं कळतं. बगल दिली की गलका होतो. या श्रोत्यापुढे शाहीर नुसत्या गोड गळ्यावर निभावून नेऊ शकत नाही. त्याला दर वर्षी नवं रचावं लागतं, वाचावं लागतं, गुरूकडे बसावं लागतं. म्हणजे सादरीकरणाने कवी बिघडतो की घासला जातो, हे समोर कोण बसलं आहे यावर ठरतं.

आणि समोर बसलेल्याला ती कविता आपली वाटते का, यावरही. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दर वर्षी याच दिवसांत दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, आणि परत जाताना पिशव्या भरून पुस्तकं नेतात. चार-चार पानांच्या गीतांच्या पुस्तिकांपासून जाडजूड ग्रंथांपर्यंत. भोवती गाणी चालू असतात. आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांनी, वामनदादा कर्डकांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी गायक-कवींनी वस्त्यावस्त्यांतून हा श्रोता उभा केला. वामनदादा गावोगाव फिरले, जिथे मुक्काम पडला तिथे रचलं आणि तिथेच गायलं. त्या गर्दीला कोणी कविसंमेलन म्हणत नाही. पण शरदात मराठी कवितेचा सर्वांत मोठा श्रोतृवर्ग जिथे जमतो, त्या जागांमध्ये तिचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागेल. आमच्या काव्यमंडळांनी तिथे जाऊन बघितलं पाहिजे की माणसं दोन दिवसांचा प्रवास करून, रेल्वेत दाटीवाटीने बसून कशासाठी येतात, आणि जवळचे मोजके पैसे पुस्तकावर का घालतात.

सीमाभागातही हे दिसतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि तिथल्या कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांनी स्वतःची मराठी साहित्य संमेलनं भरवायला घेतली. गावच वर्गणी काढतं, गावच ग्रंथदिंडी काढतं, बायका डोक्यावर कळशी घेऊन पुढे चालतात, आणि कवींच्या सत्राला शेतातून आलेली माणसं बसलेली असतात. आपल्या भाषेतलं ऐकायला मिळणं ही तिथे सहज मिळणारी गोष्ट नाही, म्हणून ऐकण्याला किंमत आहे.

आता कवितांच्या आधी आणि नंतर चालणाऱ्या बोलण्याविषयी. दूध आटेपर्यंत मंडळी घोळक्या-घोळक्याने उभी असतात. अमक्याची कविता कोणत्या दिवाळी अंकात आली, तमक्याची परत आली. एकाचा संग्रह छापखान्यात अडकला आहे, कागदाचे भाव वाढले म्हणून. एकाला पुरस्कार मिळाला, पण प्रवासखर्च स्वतःचा. एक बाई यंदा आल्या नाहीत, त्यांच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं. एक जुने मास्तर श्रावणात गेले. या बोलण्याला आपण गप्पा समजतो आणि सूत्रसंचालक माइकवरून सगळ्यांना जागेवर बसायला सांगतो. मला वाटतं की काव्यमंडळाचा अर्धा जीव त्या बोलण्यात आहे. कवितेला बाजार नाही. तिची जाहिरात होत नाही, दुकानात ती दर्शनी फळीवर नसते. तिची खबर एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जाते, आणि ती जायची थांबली की कविता असूनही नसल्यासारखी होते.

दिवाळी अंकाचंच घ्या. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीला एक असा हंगाम दिला, जो इतक्या वर्षांनंतरही चालू आहे. कवी आषाढ-श्रावणात कविता पाठवतो आणि आश्विनात तिची वाट बघतो. पण ती छापून आली तर त्याच्या गावात वाचतं कोण? अंक महाग, वाचनालयात एक प्रत, तीही कुणीतरी घरी नेलेली. गावच्या कवीची छापून आलेली कविता गावाने एकदाही ऐकलेली नाही, असं मी पुष्कळ पाहिलं आहे. कोजागिरी बहुतेक वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी येते, तेव्हा सगळे अंक हातात नसतात. म्हणून कार्तिकात आणखी एक बैठक हवी, आणि तिच्यात फक्त एवढंच करावं: ज्याची त्याची छापून आलेली कविता दुसऱ्याने वाचावी. आपली कविता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कवीला तिच्यातली सैल जागा दिसते, आणि वाचणाऱ्याला ती कविता आधी समजून घ्यावी लागते.

संग्रहांचं तर बोलायलाच नको. तालुक्याच्या गावातला कवी बहुधा पदरचे पैसे घालून पुस्तक काढतो. प्रकाशन समारंभ होतो, प्रती भेट दिल्या जातात, आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली जातात. भेट दिलेलं पुस्तक भेट घेणाऱ्याने उघडलेलं असतंच असं नाही. मंडळाने शाली आणि श्रीफळं बंद केली, तर त्या पैशांत गावच्या प्रत्येक नव्या संग्रहाच्या पाच-दहा प्रती विकत घेऊन शाळांना देता येतील. ज्याच्या खांद्यावर शाल घालायची त्याचं पुस्तक विकत घ्यावं, हा सत्कार त्याला अधिक आवडेल याची मला खात्री आहे.

आणि गेलेल्या माणसाची बातमी. श्रावणात गेलेल्या त्या मास्तरांच्या घरी काय होतं? चाळीस वर्षांच्या वह्या असतात, शाळेच्या हजेरीपटाच्या मागच्या पानांवर लिहिलेलं असतं, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेलं असतं. मुलं पुण्याला किंवा त्याहून लांब. दिवाळीची साफसफाई आश्विनातच होते, आणि वर्षाचं मोठं रद्दीचं ओझं त्याच दिवसांत घराबाहेर पडतं. बहिणाबाईंच्या घरात ऐकून उतरवून घेणारा मुलगा होता आणि तो स्वतः कवी होता. प्रत्येक घरात तसा मुलगा नसतो. म्हणून कोजागिरीच्या बैठकीत मंडळाने दोन माणसं नेमावीत. त्यांनी वर्षभरात गेलेल्यांच्या घरी साफसफाईच्या आधी जावं, वह्या मागाव्यात, मिळाल्या नाहीत तर तिथेच बसून फोनने पानांचे फोटो काढावेत, प्रत्येक फोटोबरोबर नाव, गाव, तारीख लिहावी आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. त्याच फेरीत भुलाबाईची गाणी येणाऱ्या आज्यांकडेही जावं आणि त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून घ्यावा. प्रत्येक गाण्यापुढे म्हणणारीचं पूर्ण नाव लिहावं, आणि ते गाणं तिने कोणाकडून उचललं त्या बाईचंही.